हिमालयातल्या काचा आणि कोलारची खाण

अणुशास्त्रज्ञ म्हटले की आपल्या पोरांना भाभा आठवतात, फार तर साराभाई आणि कलाम. बाईचे नाव विचारले तर मादाम क्युरी. भारतीय बाईचे नाव विचारले की वर्ग गप्प होतो. यात पोरांचा दोष नाही. जे नाव पाठ्यपुस्तकात नाही, विज्ञान दिनाच्या फलकावर नाही आणि प्रस्थापित वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही अलीकडेपर्यंत नव्हते, ते पोरांना कुठून ठाऊक असणार?

ते नाव आहे विभा चौधुरी. बंगालीत व चा ब होतो म्हणून त्या बिभा. जन्म १९१३, कोलकाता. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, तेव्हा त्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या. पुढे पंचावन्न वर्षे या बाईने एकच ध्यास घेतला. आकाशातून येणारे, डोळ्यांना न दिसणारे कण पकडायचे, मोजायचे आणि त्यांची जात ओळखायची. (पदार्थविज्ञानात कणांची जात त्यांच्या वजनावरून आणि विद्युतभारावरून ठरते, आई-बापावरून नाही, एवढा दिलासा.)

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. विभा चौधुरी दलित नव्हत्या, मागासवर्गीय नव्हत्या. वडील डॉक्टर, आईचे घराणे ब्राह्मो समाजाचे. मुलीला शिकवायचे हे त्या घरात ठरलेले होते. तेव्हा त्यांना ओढूनताणून 'आपल्या' म्हणून मिरवण्याचे कारण नाही. पण त्यांची कहाणी चळवळीच्या वाचकाने वाचली पाहिजे. घर, पैसा, भाषा, ओळखीपाळखी सगळे असूनही केवळ बाई म्हणून ही संशोधिका विस्मृतीत जाते. मग ज्यांच्याजवळ यातले काहीच नाही, त्यांचे त्या इमारतींच्या दारात काय होत असेल, याचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागणार आहे.

त्यांचे काम समजून घेण्यासाठी विश्वकिरण म्हणजे काय हे आधी पाहू. १९१२ साली व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यात बसून उंच गेला आणि त्याला आढळले की, वर जावे तसा किरणोत्सार वाढतो. म्हणजे तो जमिनीतून येत नाही, आकाशातून येतो. अवकाशातले प्रचंड वेगाचे कण आपल्या हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून नवे कण निघतात, ते आणखी आदळतात, आणि खाली कणांची सर कोसळते. तुम्ही हा लेख वाचत असताना तुमच्या तळहातातून साधारण सेकंदाला एक असा कण आरपार जातो आहे. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही.

मग कळणार कसे? कण पकडायला सापळा लागतो. त्याला डिटेक्टर म्हणतात, मराठीत शोधक म्हणा. १९३०च्या दशकात श्रीमंत देशांकडे मेघपेटी होती. त्या पेटीत बाष्प भरलेले असते, कण गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते आणि तिचा फोटो घेतात. १९३६-३७ साली अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमायर यांना मेघपेटीतच एक नवा कण सापडला. तो इलेक्ट्रॉनपेक्षा बराच जड आणि प्रोटॉनपेक्षा बराच हलका होता. मधला म्हणून त्याला मेसोट्रॉन म्हणू लागले. जपानच्या युकावाने १९३५ साली कागदावर असाच एक मधला कण मांडला होता. अणुकेंद्र घट्ट बांधून ठेवणाऱ्या बलाशी त्याचा संबंध होता. तो कण आणि हा कण एकच का? याचे उत्तर वजनात होते. वजन नक्की कोण काढणार, यासाठी जगभर शर्यत लागली.

या शर्यतीत कलकत्त्याची एक प्रयोगशाळा उतरली, तीही मेघपेटी न घेता, फोटोच्या काचा घेऊन.

एम.एस्सी. झाल्यावर विभा चौधुरी देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे गेल्या. देवेंद्रमोहन म्हणजे जगदीशचंद्र बोस यांचे भाचे, पुढे बोस इन्स्टिट्यूटचे संचालक. बाईला देण्याजोगा विषय माझ्याकडे नाही, असा त्यांचा सुरुवातीचा सूर होता, असे विभा चौधुरींच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. बाईला देण्याजोगा विषय! न्यूटनचा नियम बाईला वेगळा लागतो की काय? पण बाई हटली नाही. आणि देवेंद्रमोहनांच्या बाजूने हेही म्हटले पाहिजे की, एकदा घेतल्यावर त्यांनी तिला मदतनीस म्हणून राबवले नाही, शोधनिबंधावर बरोबरीने नाव दिले.

जुन्या फोटो स्टुडिओतल्या काचा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही पद्धत लगेच कळेल. काचेवर जिलेटिनचा पातळ थर असतो, त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक दाणे पसरलेले असतात. विद्युतभारित कण त्या थरातून गेला की वाटेतले दाणे त्याच्या धक्क्याने बदलतात. काच धुतली की तेवढेच दाणे काळे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरले की काळ्या ठिपक्यांची माळ दिसते. तीच त्या कणाची पाऊलवाट. विजेची गरज नाही, माणूस बसवायची गरज नाही. काच काळ्या कागदात गुंडाळून डोंगरावर ठेवून यायची, काही महिन्यांनी आणायची आणि धुवायची. गरीब देशाला परवडणारा शोधक होता तो.

डोंगर त्यांनी निवडले ते हिमालयातले. दार्जिलिंग, त्याहून उंच सुमारे बारा हजार फुटांवरचे संदकफू, आणि चौदा हजार फुटांपेक्षा उंच असलेले तिबेटातले फारी जोंग. उंची जितकी जास्त तितका हवेचा थर पातळ आणि कणांचा मारा अधिक.

माळ दिसली, आता वजन कसे काढायचे? खड्ड्यांच्या रस्त्यावरून भरलेला ट्रक आणि सायकल जाऊ द्या. ट्रक खड्ड्यांना जुमानत नाही, सायकल मात्र पावलोपावली हेलकावे खाते. थरातल्या अणूंच्या गर्दीतून जाताना जड प्रोटॉनची वाट बरीचशी सरळ आणि दाट ठिपक्यांची पडते. हलका कण जागोजागी वळत जातो आणि ठिपकेही विरळ सोडतो. दोन ठिपक्यांमधले सरासरी अंतर आणि वाटेचा वाकडेपणा या दोन गोष्टी मोजल्या तर कणाचे वजन अंदाजता येते. हे मोजमाप म्हणजे तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून एकेक ठिपका मोजणे. बोस आणि चौधुरी यांनी १९४० ते १९४२ या काळात 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात हे काम मांडले. मेसोट्रॉनचे वजन त्यांनी इलेक्ट्रॉनच्या साधारण दोनशे पट काढले. आज आपण त्या कणाला म्युऑन म्हणतो आणि त्याचे वजन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट मानले जाते. महायुद्धाच्या काळात, परतंत्र देशात, फोटोच्या काचांवर काढलेला हा आकडा आहे!

येथे युद्ध आडवे आले. त्यांच्याकडे होत्या त्या 'हाफ टोन' काचा. कमी संवेदनशील, म्हणून ठिपके विरळ आणि मोजमापात चूक होण्याची शक्यता जास्त. अधिक संवेदनशील 'फुल टोन' काचा हव्या होत्या. त्या युद्धामुळे कलकत्त्यात मिळेनात. काम तिथेच थांबले.

युद्ध संपल्यावर इंग्लंडात ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या हाती खास अणुसंशोधनासाठी बनवलेल्या, दाट थराच्या नव्या काचा आल्या. १९४७ साली लॅटेस, ओकियालिनी आणि पॉवेल यांना त्या काचांवर दोन कण एकाला एक जोडलेले दिसले. आधी एक जड कण येऊन थांबतो आणि त्यातून हलका कण निघतो. जड तो पायऑन, हाच युकावाने सांगितलेला. हलका तो म्युऑन, जुना मेसोट्रॉन. १९५० साली पॉवेल यांना नोबेल मिळाले, फोटो पद्धतीच्या विकासासाठी आणि त्या पद्धतीने लावलेल्या शोधांसाठी.

आपल्याकडे काही लोक यावरून 'विभा चौधुरींचे नोबेल चोरले' असे ठोकून देतात. तसे म्हणणे बरोबर नाही. कलकत्त्याच्या काचांवर पायऑन वेगळा ओळखला गेला नव्हता. तो ब्रिस्टलला ओळखला गेला. कोणाचे श्रेय कोणी खाल्ले असे सांगताना आपण पुराव्यावर बोलले पाहिजे, नाहीतर खरे बोलण्याचा आपला हक्कही कमी होतो. खरे एवढे की, काचेवरच्या ठिपक्यांवरून मेसॉन आणि प्रोटॉन वेगळे ओळखता येतात हे आधी दाखवले कलकत्त्याने. आणि हे मी म्हणत नाही. पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५९ सालच्या ग्रंथात बोस-चौधुरींच्या या कामाची दखल आहे. परक्याने नोंद केली. आपल्या देशाने ती वाचायला साठ वर्षे घेतली.

याच काचांच्या इतिहासात आणखी एक बाई आहे, तिचे नाव मारिएटा ब्लाउ. व्हिएन्नाची. अणुसंशोधनासाठी फोटो थर वापरण्याचा पाया तिने घातला. १९३७ साली तिने आणि हेर्टा वाम्बाखर हिने इन्सब्रुकजवळच्या डोंगरावर ठेवलेल्या काचांवर विश्वकिरणाने फुटलेल्या अणुकेंद्राचे 'तारे' शोधले. ब्लाउ ज्यू होती. वर्षानुवर्षे तिने पगाराविना काम केले. पगारी जागा मागितली तेव्हा, बाई आणि वर ज्यू, हे जास्तच होते, असे उत्तर तिला मिळाल्याची नोंद आहे. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि तिला देश सोडावा लागला. आइनस्टाइन यांच्या मदतीने ती मेक्सिकोला पोहोचली. तिची सहकारी वाम्बाखर नाझी पक्षाची सभासद होती. एकाच सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या दोघींपैकी एक व्हिएन्नातच राहिली आणि दुसरी परागंदा झाली. वंशाचा नि जन्माचा माज विज्ञानाच्या खोलीत शिरत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ब्लाउचे चरित्र वाचावे.

पुन्हा विभा चौधुरींकडे येऊ. १९४५ नंतर त्या मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे गेल्या. ब्लॅकेट मेघपेटीचे उस्ताद, १९४८ चे नोबेल विजेते. तिथे त्यांनी विश्वकिरणांच्या विस्तीर्ण सरींवर प्रबंध लिहिला. तिथल्या एका वर्तमानपत्राने त्यांची मुलाखत छापली. भौतिकशास्त्रात इतक्या थोड्या स्त्रिया आहेत ही दुर्दैवाची गोष्ट आहे, असे त्या त्यात म्हणाल्या.

१९४९ साली होमी भाभांनी त्यांना टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे आपल्या मुंबईत आणले. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या संशोधिका. तेव्हा संस्था कुलाब्याच्या समुद्रकाठी नव्हती, गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. १९५७ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, त्या मुंबईत होत्या. गेटवेवर दररोज हजारो लोक फोटो काढतात. त्या इमारतीत भारतातल्या पहिल्या कणशास्त्रज्ञ बाईने काम केले हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नसते.

पुढे त्या अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत, साराभाईंच्या संस्थेत गेल्या आणि तिथून कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांत सहभागी झाल्या. जमिनीवर विश्वकिरणांची सर पकडायची आणि त्याच सरीतले म्युऑन जमिनीखाली पकडायचे, असे ते काम.

कोलारपाशी मला जरा थांबायचे आहे. खाणीत प्रयोग कशासाठी? कारण खडक हा सगळ्यात स्वस्त पडदा. वरून येणारे बहुतेक कण खडकात अडतात, अति वेगवान म्युऑनच खाली पोहोचतात, आणखी खाली गेले तर तेही जवळजवळ संपतात. मग उरतो तो न्यूट्रिनो, जो पृथ्वीलाही आरपार जातो आणि लाखो कोटींत एखादाच कशाला तरी अडखळतो. १९६५ साली कोलारच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे ७,६०० फुटांवर, टाटा इन्स्टिट्यूट, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या शोधकांना विश्वकिरणांतून जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा मिळाल्या. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीतही त्याच सुमारास त्या मिळाल्या. जगात प्रथमच. १९८० च्या दशकात तिथेच, प्रोटॉन कधी विरतो का हे पाहण्यासाठी, लोखंडी पत्रे आणि वायूच्या नळ्या रचून मोठा शोधक उभारला गेला.

विज्ञानाच्या इतिहासात हे सगळे अभिमानाने सांगितले जाते आणि सांगावेच. पण साडेसात हजार फूट खोल तो खड्डा शास्त्रज्ञांनी खोदला नव्हता. तो खोदला तामिळ प्रदेशातून आलेल्या मजुरांनी, आणि त्यात मोठा भरणा आदि-द्रविडांचा, म्हणजे आपल्याच माणसांचा होता. इंग्रज कंपनीच्या काळात ते 'लाइनी'तल्या खोपट्यांत राहिले. खडक फुटून गाडले गेले, दगडाची धूळ छातीत भरून सिलिकोसिसने खंगले. याच कामगारांमध्ये पंडित आयोती दास यांच्या शाक्य बौद्ध संघाची चळवळ रुजली, मारिकुप्पमला तिची शाखा उभी राहिली, नागपूरच्या दीक्षाभूमीच्या कितीतरी आधी. ज्या लिफ्टने शास्त्रज्ञ खाली गेले तीच लिफ्ट या माणसांना खाली नेत होती. शास्त्रज्ञ वर येऊन निबंध लिहीत, खाणकामगार वर येऊन खोकत. निबंधाच्या शेवटी खाण कंपनीचे आभार असतात. कामगारांच्या पोरांना त्या प्रयोगशाळेत काय चालते हे कधी कोणी दाखवले का? खाण २००१ साली बंद झाली. शोधक त्याआधीच हलले होते. वस्ती तिथेच आहे.

विभा चौधुरींना पुढे अबू पर्वताजवळ मोठा प्रयोग उभारायचा होता. साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये गेले. त्यानंतर तो प्रस्ताव मंजूर झाला नाही आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, असे चरित्रकार सांगतात. कोलकात्याला परतल्यावरही त्यांनी काम सोडले नाही. साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्सशी संबंध ठेवून २ जून १९९१ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या शोधनिबंध लिहीत होत्या. देशातल्या कोणत्याही मोठ्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना मिळाले नाही, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. २०१८ साली राजिंदर सिंह आणि सुप्रकाश रॉय यांनी त्यांचे चरित्र लिहिले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव दिले, त्याच्या ग्रहाचे नाव 'संतमस', म्हणजे अंधारलेला. आकाशात जागा मिळाली, शाळेच्या पुस्तकात अजून मिळायची आहे.

शेवटच्या वर्षांत त्यांनी जिथे आश्रय घेतला ती साहा इन्स्टिट्यूट कोणाच्या नावाने आहे? मेघनाद साहांच्या. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, जात उच्चवर्णीयांच्या लेखी हलकी. कलकत्त्याच्या ईडन हिंदू होस्टेलमध्ये उच्चवर्णीय मुलांनी त्यांना पंगतीत बसू दिले नाही. त्याच मुलाने पुढे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान सांगणारे समीकरण जगाला दिले, भारतात अणुकेंद्र-भौतिकी शिकवायला सुरुवात केली, आणि १९५० साली आयरीन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही संस्था उभारली. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले.

आता पुढची गोष्ट शांतपणे वाचा. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना आरक्षण देणारा कायदा २००६ साली झाला. त्याच्या कलम ४ मध्ये काही संस्थांना सूट आहे आणि त्यांची यादी परिशिष्टात जोडलेली आहे. त्या यादीत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च आहे. फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आहे. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटचा घटक म्हणून साहा इन्स्टिट्यूटही आहे. विभा चौधुरींनी ज्या तीन छपरांखाली काम केले ती तिन्ही छपरे या सुटीखाली आली. ज्या मेघनाद साहांना पंगतीतून उठवले, त्यांच्याच नावाच्या संस्थेत, पंगतीतून उठवल्या जाणाऱ्यांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवण्याची सक्ती या कायद्याने नाही!

कारण काय, तर या 'उत्कृष्टतेच्या' आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था. उत्कृष्टता कशी मोजतात? काचेवरच्या ठिपक्यांची मोजणी करताना विभा चौधुरींनी पद्धत लिहून ठेवली, आकडे दिले, चूक किती असू शकते तेही दिले. 'गुणवत्ता' मोजणारे आपले आकडे असे उघडे ठेवतात का? देवेंद्रमोहन बोसांना १९३६ मध्ये वाटत होते की बाईला जमेल असा विषय नाही. विषय तोच राहिला आणि बाईने 'नेचर'मध्ये निबंध छापले. आधी दार बंद ठेवायचे आणि मग आत तुमचे कोणी दिसत नाही असे म्हणायचे, हा प्रयोग फार जुना आहे.

आपली मुले-मुली आज बी.एस्सी., एम.एस्सी. भौतिकशास्त्र करत आहेत. औरंगाबादला, नांदेडला, नागपूरला, अमरावतीला. त्यांच्यातल्या किती जणांना कुलाब्याच्या त्या संस्थेची प्रवेश परीक्षा कधी असते हे माहीत आहे? किती प्राध्यापक सांगतात? कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात एवढे तरी करावे: विज्ञान शाखेच्या पदवीच्या मुलांची एक बैठक घ्यावी, प्रवेश परीक्षांची माहिती द्यावी, उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज भरायला मदत करावी. आणि दुसरे काम वकील मित्रांचे. या तिन्ही संस्थांत गेल्या दहा वर्षांत पीएच.डी.ला किती अनुसूचित जाती-जमातीचे, ओबीसी विद्यार्थी आणि किती मुली घेतल्या, किती पूर्ण झाले, किती मध्येच सोडून गेले, प्राध्यापकांत हेच प्रमाण किती, एवढे चार प्रश्न. माहिती अधिकाराच्या अर्जाला केंद्राकडे दहा रुपये लागतात आणि उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते.